काचेतला सतरा नंबर

विद्यापीठ माणसाला शहाणं करतं की नाही याबद्दल दुमत असू शकेल, पण त्याला निदान एक दिवस शहाणं दिसायला लावतात त्या झगामावशी, याबद्दल कुणाचंच दुमत नाही. विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर, झेरॉक्सच्या दुकानाला खेटून त्यांचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन भिंतींनी जरा सरून मधे बसायला दिलेली जागा. पुढे शिवणयंत्र, त्यामागे दांडीवर ओळीने टांगलेले पदवीदानाचे काळे गाऊन, आणि गाऊनांच्याही मागे, वाफेच्या ढगात, मावशींचे यजमान इस्त्री करत उभे. यजमान दिसत नाहीत. अधूनमधून खोकला ऐकू येतो, त्यावरून ते आहेत हे गिऱ्हाइकाला कळतं आणि ते सगळं ऐकताहेत हे मावशींना कळतं.

पदवीदानाच्या आठवड्यात दुकानाबाहेर रांग लागते. वर्षानुवर्षं चुरगळलेल्या शर्टात वर्गाच्या मागच्या बाकावर डुलक्या काढलेला मुलगा गाऊन चढवून आरशासमोर उभा राहतो आणि एकदम आवाज बदलून बोलायला लागतो. मावशी त्याच्या पाठीत थाप घालतात. "पोक काढू नकोस. पदवी घ्यायला चाललायस, गॅसचं सिलिंडर उचलायला नाही."

प्रत्येक गाऊनला नंबर असतो. गळ्याच्या आत, मानेला लागेल अशा जागी, पांढऱ्या पट्टीवर लाल दोऱ्याने शिवलेला. गाऊन कुणी नेला, कुणी आणला हे कळायला केलेली साधी सोय. पण त्यातल्या एका नंबराने मावशींच्या आयुष्यात घोळ घातला. तो नंबर सतरा. तसाही हा आकडा आपल्याकडे कटकटीचाच. सांगायचं ते सतरा वेळा, भानगडी त्या सतराशे.

झालं असं. फार वर्षांपूर्वी एक हडकुळा मुलगा रसायनशास्त्राची पदवी घ्यायला मंचावर चढला. गाऊन त्याला इतका मोठा झाला होता, की आत तो आहे हे सांगावं लागत होतं. तिसऱ्या पायरीवर गाऊन पायात आला, मुलगा पडला, टोपी घरंगळत पाहुण्यांच्या बुटापाशी गेली, आणि ती उचलायला वाकलेला हा मुलगा पुन्हा पडला. सभागृह पोट धरधरून हसलं. दुसरा असता तर गाव सोडून गेला असता. याला ते हसणं इतकं आवडलं, की त्याने रसायनशास्त्र सोडलं आणि नाटकात गेला. पुढे मोठा विनोदी नट झाला. टीव्हीवर कुणीतरी त्याला यशाचं रहस्य विचारलं तेव्हा तो म्हणाला, "सतरा नंबरचा गाऊन."

संपलं! दुसऱ्या वर्षी पहिल्याच मुलाने काउंटरवर कोपर टेकून हळूच विचारलं, "मावशी, सतरा आहे का?"

सतरा एकच होता. तो त्या मुलाला गेला. मग एक गणिताची मुलगी आली. वकिलीच्या प्रवेश परीक्षेला बसायची होती, आणि घरातलं कुणी चार शब्द धीराचे बोलणारं नव्हतं. सतरा गेला म्हटल्यावर ती काउंटरशी उभ्या उभ्या रडायलाच लागली. मावशींचं काळीज काही फार टणक कापडाचं नाही. "थांब जरा," म्हणून त्या आत गेल्या, नऊ नंबरची पट्टी उसवली, घाईघाईने सतराची शिवली, आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "एक बाजूला ठेवलेला होता बघ. पण कुणाला सांगू नकोस हं. नजर लागते."

इथेच मावशी फसल्या. एकदा सतरा झाला की अडवायचा कुणाला? पुढच्या वर्षी एकाची आई आजारी होती, एकाची मुलाखत होती, एकीचं प्रेम जमत नव्हतं. मावशी पट्ट्या शिवत गेल्या. होता होता दांडीवर दोन, सतरा, पाच, सतरा, सतरा, अशी मोजदाद झाली.

"बारा नंबर दिसत नाही," वाफेतून आवाज यायचा.

"बाराचा सतरा झाला."

"मग सहा?"

"तुम्ही इस्त्री बघा."

आणि गंमत म्हणजे हे लपून राहिलं. शंभर पोरं एकाच मंचावर सतरा नंबर घालून बसायची आणि जो तो नजर लागेल म्हणून गप्प! त्यातून पुढे एकेक माणसं निघाली म्हणता! ती रडणारी मुलगी न्यायाधीश झाली. वाणिज्य शिकलेला एक जण बर्फाच्या खंडावर जाऊन पेंग्विन मोजू लागला. तत्त्वज्ञान शिकलेल्याने बिस्किटांचा कारखाना काढला, आणि प्राणिशास्त्राची सुवर्णपदक विजेती वर्तमानपत्रात व्यंगचित्रं काढते. शिकलं एक आणि झालं भलतंच, पण नाव झालं. आणि जो तो मुलाखतीत डोळे मिचकावून सतरा नंबरचं नाव घेऊ लागला.

आता यातली खरी मेख अशी, की तो पहिला, अस्सल सतरा नंबर त्या हडकुळ्या नटाला मोठा का झाला? कारण तो त्याच्यासाठी बेतलेलाच नव्हता. मावशींनी गाऊन शिवायला घेतले त्या पहिल्याच वर्षी त्यांचे चिरंजीव इतिहास घेऊन बी.ए. झाले होते. चिरंजीव लहानपणापासून पाण्यात. खांदे असे, की शर्ट विकत घेतला तर बाह्या लांब आणि पाठ फाटायला आलेली. मावशींनी सतरावा गाऊन त्याच्या मापाने बेतला. तो घालून तो पदवी घेऊन आला तेव्हा मावशींनी काय काय मनात आणलं होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक. चिरंजीव गेले नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर, गळ्यात शिट्टी अडकवून शिकवायला, आणि तिथेच राहिले.

मावशींच्या नणंदबाई हे दर भेटीत आठवणीने काढायच्या. "वहिनी, तुमच्या सतरा नंबराने साऱ्या जगाचं भलं केलं. आपल्या घरी मात्र शिट्टी आली!"

"वाजते तरी, वन्सं," मावशी म्हणायच्या. "काहींच्या घरी नुसती मेडलं भिंतीवर टांगलेली असतात."

उत्तर चोख होतं, पण ते तोंडातून आलेलं होतं. आत कुठेतरी टोचायचं. इतक्या वर्षांत मावशी एकदाही तलावावर गेल्या नव्हत्या. क्लोरीनने डोळे झोंबतात, असं त्या सांगायच्या.

अशात एक दिवस विद्यापीठाचे अधीक्षक दुकानात आले. अधीक्षक म्हणजे मोठं प्रस्थ. कारकून त्यांच्या केबिनमध्ये जाताना आधी बाहेरच खोकून घ्यायचे. विद्यापीठाने नामवंत पदवीधरांसाठी नवं दालन बांधलं होतं. भिंतीवर तसबिरी आणि मधोमध काचेची पेटी. पेटीत ठेवायचा होता सतरा नंबरचा गाऊन, आणि खाली पितळी पाटी, तो घालून गेलेल्या नामवंतांची नावं आणि कामं लिहून.

"मूळचा सतरा हवा हं, मावशी," अधीक्षक म्हणाले. दांडीवरच्या साऱ्या सतरांनी मावशींकडे वळून बघितल्यासारखं झालं. अधीक्षकांनी नावं वाचून दाखवली. पहिलं नटाचं, मग न्यायाधीशबाईंचं, मग पेंग्विनवाला आणि बाकीचे.

"पहिलं नाव चुकलं," मावशी म्हणाल्या. "नटाच्या आधी तो माझ्या मुलाने घातला होता. त्याच्यासाठीच शिवला होता."

"हो का? वा, वा." अधीक्षकांनी कपाळ पुसलं. "पण मावशी, दालन नामवंतांचं आहे. तुमचे चिरंजीव... म्हणजे माणूस लाख मोलाचा आहे. माझ्याइतकं कुणाला... पण..."

हा 'पण' दांडीवरच्या गाऊनसारखा लटकत राहिला. तेवढ्यात अधीक्षकांना घड्याळ दिसलं. "निघतो मी. डॉक्टरांचं एक आहे," असं पुटपुटत ते वयाला न शोभणाऱ्या वेगाने निघून गेले.

मावशींनी यंत्रावरचं कापड पुढे ओढलं.

"देऊ नकोस," वाफेतून आवाज आला.

"काय?"

"गाऊन. पोराचं नाव नाही तर गाऊन नाही."

यजमान एका दमात एवढं बोलल्याला बरीच वर्षं झाली होती. मावशी म्हणाल्या, "आणि भांडायला गेले नि त्यांनी बाकीच्या सतरांची चौकशी केली तर? इतक्या मोठ्या माणसांचं मी काय काय घालवीन, कळतंय का?" यावर फक्त खोकला आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी न्यायाधीशबाई आल्या. गाडी गल्लीत शिरेना म्हणून चालत आल्या आणि सरळ काउंटरच्या आत येऊन स्टुलावर बसल्या.

"मावशी, ओळखलंत?"

"पेपरात फोटो येतो की तुमचा. चेहरा बाकी फार कडक येतो हो."

"काचेत जाण्याआधी माझा गाऊन एकदा अंगावर घालून बघायचाय मला."

मावशींनी निमूटपणे अस्सल सतरा काढून दिला. न्यायाधीशबाईंनी तो घातला आणि त्यांचे खांदे त्यात कुठे गेले ते दिसेना. बाह्यांमधून बोटांची टोकं तेवढी बाहेर.

"हा माझा नाही."

"धुऊन धुऊन सैल होतं कापड," मावशी म्हणाल्या. आत यजमानांना जोराचा ठसका लागला.

"मावशी, शपथ घ्यायला लावू का?"

मावशींनी पदराने तोंड पुसलं आणि सगळं सांगायला सुरुवात केली. नऊ नंबरपाशी आल्या आणि न्यायाधीशबाईंनी हात वर करून थांबवलं.

"मला माहीत आहे. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं, एवढंच. तुम्ही त्यात सुई विसरला होतात."

"सुई?"

"इथे. मानेवर." त्यांनी मागे हात नेऊन जागा दाखवली. "घाईत पट्टी शिवलीत आणि सुई तशीच राहिली, दोऱ्यासकट. समारंभभर मान जरा हलली की टोच! मी जी मान ताठ करून बसले ती शेवटपर्यंत. बाजूच्या मुली म्हणाल्या, हिचा रुबाब बघा. अजून कोर्टात भीती वाटली की मी तशीच बसते. वकील मला घाबरतात ते त्यामुळेच."

"अगं बाई! मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"काय बोलू? बाहेर एवढी रांग असताना कुणीतरी माझ्यासाठी आत जाऊन दुसऱ्या गाऊनची शिवण उसवली, हे त्या सुईवरून कळलं मला. मग सतरा असला काय नि नऊ असला काय." त्यांनी गाऊन उतरवून हातावर घेतला. "हे खांदे कुणाचे पण?"

"माझ्या मुलाचे." आणि मावशींनी पाटीचं सांगितलं.

"काय करतो तो?"

"तलावावर असतो. पोहायला शिकवतो."

"कसा शिकवतो?"

मावशींनी दांडीवरचा एक गाऊन उगाच सरळ केला. मग म्हणाल्या, "बघितलं नाही कधी."

न्यायाधीशबाईंची मान ताठ झाली. "मग पाटीवर नाव पाहिजे म्हणून भांडणार कशाच्या जोरावर? ऐकीव माहितीवर? साक्ष द्यायची तर डोळ्यांनी बघावं लागतं, मावशी."

पाच वाजता मावशींनी दुकान यजमानांवर सोडलं. यजमान वाफेतून बाहेर आले तेव्हा रांगेतल्या दोन मुलांनी चक्क नमस्कार केला. त्यांना वाटलं, कुणी नवीन आहेत.

तलावाच्या दारात चपला काढून मावशी ओल्या फरशीवरून जपून चालत गेल्या आणि भिंतीशी बाकावर बसल्या. उथळ भागात मोठ्या माणसांचा वर्ग चालला होता. आज्या, टकले आजोबा, एक बाई तरंगायला हवा भरलेल्या पट्ट्या अंगाला बांधून. सगळ्यांच्या मधे चिरंजीव छातीभर पाण्यात उभे. आणि कडेचा लोखंडी गज दोन्ही हातांनी आवळून, फुलाफुलांची रबरी टोपी घालून, डोळे गच्च मिटून पाण्यात उभे होते ते... मावशींनी डोळे चोळून पुन्हा पाहिलं. अधीक्षकच!

"साहेब, गज सोडा."

"सोडतो ना. उद्या सोडतो."

"कालही उद्याच म्हणालात." चिरंजीवांचा आवाज घरातल्यासारखाच होता, घाई नसलेला. "साहेब, मी इतिहास शिकलोय. राज्यं बुडतात कशी, सांगू? घट्ट धरून ठेवल्यामुळे. ज्याने वेळेवर सोडलं तो तरला."

सगळा तलाव हसला. पट्ट्यांवाल्या बाई म्हणाल्या, "सोडा हो! आम्ही काय पदवी काढून घेणार आहोत तुमची?"

चिरंजीवांनी अधीक्षकांच्या पाठीखाली एक हात धरला. एका आजींच्या नाकात पाणी गेलं होतं, त्यांच्याकडे दुसरा. कुणावर आवाज नाही, कुणाची थट्टा संपेपर्यंत वाट बघायची, मग पुन्हा तेच: "पाणी धरतं. तुम्ही फक्त भांडू नका त्याच्याशी." मावशी बघत होत्या. आपण कापड बेततो तसा हा माणूस बेतत होता. ज्याची जेवढी भीती, तेवढी त्याला सवड. अधीक्षकांची बोटं एकेक करून गजावरून सुटली. पोट वर आलं, मग पायाचे अंगठे. मग चिरंजीवांनी आपला हात काढून घेतला, आणि ते त्यांना कळलंच नाही. ज्या माणसासमोर कारकून थरथर कापत, तो माणूस आभाळाकडे बघत, तान्ह्या मुलासारखा, पाण्यावर पडून होता.

मग त्याने डोळे जरा मागे फिरवले आणि त्याला उलट्या झगामावशी दिसल्या.

त्यानंतर जे झालं त्यात बरंच पाणी अधीक्षकांच्या पोटात गेलं. टॉवेल गुंडाळून, खोकत ते बाकापाशी आले. "मावशी, तुम्ही? इथे?"

"डॉक्टरांचं काम चाललंय ना तुमचं? चालू द्या."

"पाठीसाठी आहे. पण ऑफिसात कुणाला..."

"माझ्या पोटात बरंच राहतं, साहेब," मावशी म्हणाल्या. "गाऊन उद्या आणून देते. मूळचा."

"आणि ते... नाव?"

"ते तुम्ही ठरवा. मी काही बोलणार नाही. मला बघायचं होतं ते बघितलं."

घरी जाताना चिरंजीव आईच्या पावलाला पाऊल मिळवत चालत होते. "आई, तू आलीस? क्लोरीनने डोळे झोंबतात ना तुझे?"

"झोंबताहेत की," मावशी म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

"तो गाऊन काचेत ठेवणार म्हणे. बरं झालं. गुदमरलो होतो मी त्यात. गळा किती आवळ शिवला होतास!"

"मेल्या, इतक्या वर्षांनी सांगतोस?"

"तुझा चेहरा बघितला होता ना तेव्हा. मग म्हटलं, राहू दे."

दालनाच्या उद्घाटनाला गर्दी झाली. पहिल्या रांगेत नट, शेजारी ताठ मानेच्या न्यायाधीशबाई, मग पेंग्विनवाला, ज्याला त्या सभागृहात भयंकर उकडत होतं. मावशी मागे बसल्या होत्या. एका बाजूला यजमान, कडक इस्त्रीत. दुसऱ्या बाजूला नणंदबाई, नवी साडी नेसून काय चुकतंय ते बघायला तयार. चिरंजीव शिकवणी संपवून ओल्या केसांनी उशिरा आले आणि दाराशीच उभे राहिले.

पडदा बाजूला झाला. काचेत सतरा नंबर, रुंद खांदे पसरून. अधीक्षक पाटी वाचायला उभे राहिले. घसा साफ केला आणि पहिलंच नाव वाचलं ते चिरंजीवांचं. "इतिहास. पोहण्याचे शिक्षक."

सभागृहात कुजबुज झाली. नणंदबाई मावशींच्या कानाशी लागल्या. "वहिनी, चुकून लिहिलंय का हो?"

अधीक्षकांनी चष्मा काढला. "काही जण विचारतील, हे नामवंत कसे? मलाही वाटलं होतं. पण या शहरात ज्यांना यांचं नाव माहीत आहे त्यांची संख्या पुढच्या सगळ्या नावांना भारी पडेल असं मला वाटतं." ते थांबले. कोटाचं बटण चाचपलं. "मी स्वतः यांचा विद्यार्थी आहे. आणि फार ढ आहे."

मागून पट्ट्यांवाल्या बाईंचा आवाज आला, "साहेब, गज सोडला का?"

"सोडला!" अधीक्षक माइकवरून ओरडले.

सभागृह असं हसलं, की नटाने मागे वळून जरा हेव्यानेच बघितलं. इतकं हसणं त्यालाही फक्त एकदाच मिळालं होतं, याच विद्यापीठात. दाराशी चिरंजीव कानापर्यंत लाल झाले होते. न्यायाधीशबाईंनी मान वळवून मावशींकडे पाहिलं आणि मानेवरची ती जागा हळूच बोटाने दाखवली. नणंदबाईंनी नव्या साडीचा पदर दोनदा सारखा केला. मग म्हणाल्या, "मला या वयात येईल का हो पोहायला?"

"गज सोडलात तर येईल, वन्सं."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच एक मुलगी आली. नखं कुरतडलेली, आवाज खोल गेलेला. "मावशी, सतरा नंबर काचेत गेला ना आता?"

"काचेतला बघायचा. घालायचा आत आहे. कुणाला सांगू नकोस, नजर लागते."

मावशी आत गेल्या. "चार नंबर घे," वाफेतून आवाज आला आणि न मागता सुई-दोरा पुढे आला. मावशींनी पट्टी शिवली, दाताने दोरा तोडला आणि या खेपेला सुई नीट उशीत खोचून ठेवली. बाहेर येऊन त्यांनी मुलीला गाऊन चढवला, खांद्यावरून हात फिरवला, पाठीत थाप घातली.

"पोहता येतं का तुला?"

"नाही. का?"

"संध्याकाळी पाचला तलावावर जा. माझा मुलगा शिकवतो तिथे." मावशींनी आरशात तिच्या मागे उभ्या असलेल्या रांगेकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "पाटीवर पहिलंच नाव आहे बघ. तो."